टर्बो रोटरीला सरळ पाइप: आधी वेस्टगेट, मग वेल्डिंग

विचारणाऱ्याने १९९३ ची माझदा आरएक्स-७ घेतली आहे, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या रोटरी इंजिनाची टर्बो गाडी. कॅलिफोर्नियात राहतो, आठवड्यात दोन-तीनदा गाडी रस्त्यावर काढतो आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर नेतो. जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा, थोडक्यात कॅट) आतून कोसळलाय, गाडी वरच्या आरपीएमला ओढत नाही. म्हणून टर्बोच्या तोंडापासून मागच्या बंपरपर्यंत तीन इंची सरळ पाइप करून घ्यायचा विचार आहे. प्रश्न तीन: बॅकप्रेशर, म्हणजे धुराच्या वाटेतला अडथळा, गेलं तर ताकद कमी होईल का, ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) हात लावावा लागेल का, आणि पाइप बनवताना काय सांभाळायचं?

मी वेल्डिंग शिकलो कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरमध्ये मामांच्या शेडमध्ये. गेली वीसेक वर्षं कॅलिफोर्नियात एक्झॉस्ट आणि टर्बोची कामं करतोय, त्यात रोटरी गाड्या बऱ्याच आल्या. त्यावरून पहिलीच गोष्ट सांगतो: तुमचा क्रम उलटा आहे. पाइप हे या कामातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात शेवटचं पाऊल. साध्या गाडीत सायलेन्सर बदलला की आवाज बदलतो. टर्बो लावलेल्या रोटरीत मात्र सायलेन्सर बदलला की टर्बोचा दाब बदलतो, आणि तो दाब कुणाच्या ताब्यात नसेल तर इंजिन जातं. उरलेलं उत्तर बहुतेक याच वाक्याभोवती आहे.

आधी बॅकप्रेशरचं मिटवू. टर्बोच्या पुढे, म्हणजे टर्बाइनमधून (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या टर्बोचं, धुराच्या जोरावर फिरणारं चाक) धूर बाहेर पडल्यानंतर, जितका कमी अडथळा तितकं चांगलं. टर्बाइन फिरते ती तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर. पलीकडचा दाब कमी केलात की ती लवकर फिरते, जास्त जोराने फिरते. तेव्हा ताकद कमी होणार नाही. उलट ती तुम्ही मागितली नव्हती इतकी वाढेल, आणि नेमकी तिथेच अडचण आहे.

तुमच्या गाडीत १३बी-आरईडब्ल्यू इंजिन आहे. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १३०८ सीसी, आणि एकामागून एक कामाला लागणारे दोन टर्बो. अमेरिकेत १९९३ ते १९९५ या तीन वर्षांत विकलेल्या या गाड्यांची ताकद २५५ हॉर्सपॉवर. खालच्या आरपीएमला पहिला टर्बो एकटाच सुमारे १० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब देतो. ४५०० च्या आसपास दुसरा सामील होतो, त्या बदलात दाब क्षणभर ८ पर्यंत उतरतो आणि पुन्हा १० वर येऊन थांबतो. गाडी तब्येतीने ठीक आहे की नाही हे मी या १०-८-१० वरूनच ओळखतो.

हा दहाचा आकडा धरून ठेवायचं काम वेस्टगेटचं. दाब पुरेसा झाला की वेस्टगेटची झडप उघडते आणि जादा धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. पण या गाडीत वेस्टगेटचं भोक लहान आहे. कारखान्यातून आलेल्या एक्झॉस्टमध्ये ते पुरतं, कारण पुढे दोन-दोन कॅट आणि सायलेन्सर वाट अडवून उभे असतात. तो अडथळा काढला की धुराचा लोंढा वाढतो, आणि झडप सताड उघडी असूनही दाब चढतच राहतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरकराला सांगायला नकोत. सगळे दरवाजे उघडलेत, पंचगंगेला पूर आलाय, आणि तरी वरून येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जास्त आहे म्हणून पातळी वाढतेच आहे, हे आपण पाहिलेलं असतं. इथे तेच होतं. याला बूस्ट क्रीप म्हणतात. टर्बोचा दाब ठरवणारा बूस्ट कंट्रोलर लावून हे थांबत नाही, कारण कंट्रोलर फार तर झडप उघडू शकतो, आणि ती आधीच पूर्ण उघडलेली असते.

थंडीत आणि वरच्या गिअरमध्ये हे आणखी वाढतं. थंडीत हवा दाट असते, आणि चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये इंजिनावर भार जास्त वेळ राहतो. मी एकदा यातच चुकलो आहे. एका गिऱ्हाइकाच्या आरएक्स-७ ला मी डाउनपाइपपासून (टर्बोला जोडलेला पहिला तुकडा) टोकापर्यंत पाइप बनवला. सांधे असे आले होते की मी स्वतः त्यांचे फोटो काढून ठेवले. उन्हाळ्यात दुकानाबाहेर चालवून पाहिलं, दाब ११ च्या वर गेला नाही, गाडी दिली. डिसेंबरात तो विलोजजवळच्या थंडरहिल ट्रॅकवर सकाळी लवकर उतरला. लांब सरळ पट्ट्यावर, चौथ्या गिअरमध्ये, मीटरने १७ दाखवले. मागच्या रोटरच्या टोकावरची एक ॲपेक्स सील तुटली, रोटरभोवतीच्या हाउसिंगवर तिने नांगरल्यासारखे ओरखडे काढले, आणि तिचा तुकडा एक्झॉस्ट पोर्टमधून निघून टर्बाइनच्या पात्यांवर आदळला. इंजिन आणि टर्बो दोन्ही एकदम गेले. पाइपमध्ये काही दोष नव्हता. वेस्टगेट मोठं न करता मी पाइप लावून दिला, हा दोष माझा होता, आणि त्या इंजिनाच्या कामाची मजुरी मी घेतली नाही. तेव्हापासून वेस्टगेटचं काम आणि ईसीयू झाल्याशिवाय मी या गाडीला मोकळा पाइप लावत नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

सील तुटते ती दाबामुळे नव्हे, नॉकिंगमुळे. हवा वाढली, पेट्रोल त्या प्रमाणात वाढलं नाही, मिश्रण पातळ झालं आणि वेळेआधी स्फोट झाला. पिस्टनचं इंजिन असे चार-दोन फटके सोसून जातं. इथली सील जेमतेम २ मिलिमीटर जाडीची, एक फटकाही पुरतो. तुमच्या गाडीत मिनिटाला ५५० सीसी पेट्रोल फवारणारे दोन आणि ८५० सीसीचे दोन इंजेक्टर आहेत, आणि मूळचा ईसीयू कारखान्याने ठरवलेल्या दाबाचा हिशोब धरून पेट्रोल सोडतो. या गाड्यांवर काम करणाऱ्यांत एक जुना ठोकताळा आहे: डाउनपाइप, मागचा सायलेन्सर आणि हवेचा फिल्टर एवढं बदललं तर मूळ ईसीयू कसाबसा निभावतो, मधला कॅट काढून तिथे पाइप घातला की ईसीयू बदललाच पाहिजे. मी त्यातला ‘कसाबसा’ही धरत नाही. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’. ट्यून करता येईल असा ईसीयू हवा. या गाडीला अपेक्सीचा पॉवर एफसी वर्षानुवर्षं लावला जातोय, आणि तो ओळखणारे ट्यूनर अजून आहेत. सोबत धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर. पूर्ण दाबाखाली मिश्रण ११ च्या आसपास, म्हणजे एक भाग पेट्रोलला ११ भाग हवा, राहिलं पाहिजे, आणि १२ कडे सरकताना दिसलं तर पाय तिथेच उचलायचा.

मग क्रम असा. सर्वांत आधी रोटरीच्या खास मीटरने कॉम्प्रेशन तपासून घ्या. प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगवेगळे आकडे देणारा मीटर हवा. साध्या मीटरला तीनपैकी सगळ्यात बरी बाजू तेवढी दिसते. तीस वर्षांची गाडी आहे, कॅट कोसळलाय, म्हणजे कुठेतरी कधीतरी पेट्रोल किंवा तेल भरमसाट जळून गेलंय. इंजिनच थकलेलं असेल तर पाइपचे पैसे इंजिनासाठी ठेवा. इंजिन ठीक निघालं तर टर्बो उतरवून वेस्टगेटचं भोक मोठं करून घ्यायचं आणि त्यावर बसणारी मोठी झडप लावायची. टर्बोच्या कवचात कटर कुठवर न्यायचा हे कळणाऱ्या माणसाकडूनच हे काम करून घ्या. भिंत फोडली तर टर्बो भंगारात. टर्बो उतरलेलेच आहेत तर व्हॅक्यूमच्या नळ्याही बदलून टाका. इतक्या वर्षांच्या उष्णतेने त्या बिस्किटासारख्या झालेल्या असतात, आणि एक नळी फुटली तरी दाबाचं सगळं गणित बिघडतं. मग ईसीयू. मग पाइप.

आता रस्त्याचं बोलतो, कारण गाडी आठवड्यात दोन-तीनदा रस्त्यावर येते असं तुम्ही म्हणालात. कॅट काढलेली गाडी अमेरिकेत रस्त्यावर चालवता येत नाही, क्लीन एअर ॲक्टनेच ते बंद केलंय. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी असते, आणि तिथे धूर मोजण्यासोबतच खाली वाकून कॅट जागेवर आहे का ते पाहतात. आवाजाची मर्यादा ९५ डेसिबल. तपासणीपुरता जुना सेट चढवून परत उतरवणारे लोक मला माहीत आहेत. मी ते काम घेत नाही. रोटरीच्या धुरात न जळलेलं पेट्रोल आणि जळलेलं तेल दोन्ही जास्त असतात. हे इंजिन सीलच्या वंगणासाठी थोडं तेल मुद्दाम जाळतंच. कॅटशिवाय तो धूर मागे चाललेल्या माणसाच्या नाकात जातो, आणि मला ते पटत नाही. तेव्हा गाडी रस्त्यावर ठेवायची असेल तर राज्याच्या मंजुरीचा क्रमांक असलेला नवा कॅट बसवा. कोसळलेल्या कॅटच्या तुलनेत फरक एवढा पडेल की सरळ पाइपची आठवण येणार नाही. खाली पाइपबद्दल जे लिहितोय ते ट्रॅकवर ट्रेलरने नेल्या जाणाऱ्या गाडीसाठी आहे.

तीन इंच हे माप बरोबर आहे. मूळचे दोन टर्बो ठेवणार असाल तर त्याहून मोठं घेण्यात अर्थ नाही. १.६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात अडीच इंची पाइपचं आतलं क्षेत्रफळ साधारण २८५० चौरस मिलिमीटर येतं आणि तीन इंचीचं जवळजवळ ४२००. म्हणजे अर्धा इंच वाढवला की वाट दीडपट होते. साडेतीन-चार इंच एकच मोठा टर्बो लावणाऱ्यांसाठी. तुमच्या गाडीखाली तो बसवायला गेलात तर प्रत्येक स्पीड-ब्रेकरला घासेल.

धातू स्टेनलेसच. ३०४ जातीचं चालतं, पण टर्बोला लागून असलेल्या पहिल्या अर्ध्या मीटरसाठी मी ३२१ वापरतो. रोटरीचा धूर पिस्टन इंजिनापेक्षा गरम असतो. ट्रॅकवर टर्बोच्या तोंडाशी ९०० अंश सेल्सियस सहज होतात, आणि त्या तापमानात तासन्‌तास राहिलेला ३०४ चा सांधा पुढे कडेने तडकतो. ३२१ मध्ये टायटॅनियम असल्यामुळे तो टिकतो. वळणं मँड्रेलवर (आतून आधार देऊन) वाकवलेलीच घ्या. साध्या बेंडरवर वाकवलेला पाइप वळणात चपटा होतो, आणि तीन इंचाचे पैसे देऊन तुम्ही अडीच इंच विकत घेता.

या कामात लोक सर्वांत जास्त फसतात ते प्रसरणात. स्टेनलेस लोखंडापेक्षा दीडपट वाढतं. तीन मीटरचा पाइप सरासरी ४०० अंशांनी तापला तर वीस मिलिमीटरहून अधिक लांब होतो. ही लांबी कुठेतरी जाणारच. तिला जागा दिली नाही तर पाइप टर्बोच्या स्टडवर ढकलणार, आणि एक दिवस स्टड तुटणार किंवा टर्बोचं कवच तडकणार. म्हणून डाउनपाइपनंतर आतून अस्तर असलेला लवचिक बेलोज घाला. पाइपचं वजन टर्बोवर लटकू देऊ नका: गिअरबॉक्सला धरून एक ब्रॅकेट द्या, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि डाउनपाइप एकत्र हलतील. बेलोजच्या मागचा सगळा पाइप रबरी हँगरवर, मागेपुढे सरकू शकेल असा. बोल्टांच्या फ्लँजऐवजी पट्ट्यासारखा आवळणारा व्ही-बँड क्लॅम्प वापरा, ट्रॅकवर गरम गाडीखाली झोपून गंजलेले बोल्ट सोडवायची वेळ येणार नाही.

माप घेताना गाडी कशावर उभी आहे ते बघा. दोन खांबी लिफ्टवर चाकं लोंबकळतात, मागचे आर्म खाली गेलेले असतात आणि सगळीकडे भरपूर जागा दिसते. गाडी चाकांवर उतरवली की तोच आर्म पाइपला लागतो. त्यामुळे टाके (वेल्डिंगचे छोटे तात्पुरते ठिपके) मारताना गाडी चाकांवर उभी राहील अशा रॅम्पवर घ्या, किंवा मागचे आर्म जॅकने गाडीच्या नेहमीच्या उंचीपर्यंत उचलून धरा. प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलला जोडणारी पॉवर प्लांट फ्रेम, ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या, या सगळ्यांपासून किमान दोन बोटं अंतर. गाडीवर फक्त टाके मारायचे. पूर्ण वेल्डिंग खाली काढून टेबलावर. गाडीवर टाके मारतानाही बॅटरी आणि ईसीयूचे कनेक्टर काढून ठेवा, आणि वेल्डिंगचा अर्थिंगचा क्लॅम्प त्याच पाइपला, टाक्याच्या जवळ लावा. तो दूर चेसीला लावला तर करंट टर्बोच्या बेअरिंगमधून वाट काढू शकतो.

पूर्ण वेल्डिंग करताना पाइपच्या आतही आरगॉन भरायचा. अनेक दुकानं इथेच वायूचे पैसे वाचवतात. आत हवा राहिली तर सांध्याची आतली बाजू जळून काळी, खडबडीत होते, जळक्या साखरेसारखी. बाहेरून सांधा सुंदर दिसतो आणि आतून तो अर्ध्या जाडीचा राहिलेला असतो. पाइप ताब्यात घ्याल तेव्हा आत टॉर्च मारून बघा. आतली रेष बाहेरच्यासारखीच चकचकीत दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर काम परत करा, संकोच करू नका.

वाइडबँड सेन्सरची चुडी, म्हणजे तो बसवायची आटे पाडलेली कडी, १८ मिलिमीटर आणि दीडच्या पिचची, टर्बोच्या तोंडाशी लावू नका. बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर ९३० अंशांपर्यंतच्या धुरासाठी बनवलाय, आणि रोटरी ती रेषा ओलांडू शकते. टर्बोपासून दोन-तीन फूट मागे, आणि आडव्या रेषेच्या किमान दहा अंश वर कललेली चुडी लावा, म्हणजे सकाळी साचलेलं पाणी सेन्सरमध्ये उतरून तो फुटणार नाही. या गाडीत हवेच्या पंपातून मुख्य कॅटकडे येणारी एक वेगळी नळी असते. कॅट काढल्यावर तिचं तोंड प्लेटने नीट बंद करायचं, कापडाची बोळी किंवा रबरी टोपी घालून नाही.

आता आवाज. १९९१ च्या ल मां शर्यतीतल्या माझदा ७८७बी चा आवाज ऐकून बरेच जण माझ्याकडे येतात. तो आवाज मलाही हलवून सोडतो. पण त्या गाडीला चार रोटर होते आणि टर्बो नव्हता. टर्बो आला की धुराचे ठोके टर्बाइनमध्येच बोथट होतात. कितीही मोकळा पाइप लावा, ती किंकाळी निघणार नाही. तुम्हाला जे मिळेल ते कर्कश आणि फाटलेलं असेल. पिस्टन इंजिनात झडप हळूहळू उघडते. रोटरीत सीलचं टोक पोर्टवरून पुढे सरकलं की दाबाखालचा गरम वायू एका फटक्यात सुटतो, म्हणूनच तो इतका टोचतो. अनेक ट्रॅकवर आवाज मोजतात आणि मर्यादा ओलांडली की झेंडा दाखवून बाहेर काढतात. माझं मत पक्कं आहे: ‘सरळ’ पाइपमध्येही मध्ये एक लांब रेझोनेटर (आवाज मऊ करणारी नळी) आणि मागे आरपार जाळीचा सायलेन्सर असावा. दोन्हींची वाट तीन इंच सरळच असते, ताकदीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. आत भरलेली साधी काचेची लोकर रोटरीच्या धुरात काही महिन्यांत जळून उडून जाते. जाळीला लागून स्टेनलेसची लोकर आणि तिच्याबाहेर बेसॉल्ट तंतू भरून घ्या.

ठरावीक आरपीएमला गाडीत आवाज घुमण्याचा त्रास झाला तर त्याचंही गणित आहे. दोन रोटरचं इंजिन शाफ्टच्या एका फेरीला दोन ठोके देतं, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके. ४०० अंशांच्या धुरात आवाजाचा वेग सेकंदाला ५२० मीटरच्या आसपास असतो, तेव्हा त्या घुमण्याची लाट ५.२ मीटरची. तिच्या चौथाई लांबीची, म्हणजे १.३ मीटरची एका टोकाला बंद केलेली नळी पाइपला जोडली की परत येणारी लाट मूळ लाटेला मारते. थंड हवेचा वेग धरून कापली तर ती ८६ सेंटिमीटरची होते आणि उपयोग शून्य. एका गिऱ्हाइकाने दोनदा तशी बनवून आणली होती, तिसरी आम्ही नीट मोजून कापली आणि घुमणं गेलं. अशी फांदी मागच्या थंड भागात लावलीत तर लांबी थोडी कमी करावी लागेल.

पाइपचं टोक बंपरच्या बाहेर हवं, गाडीखाली संपवू नका. हॅचबॅक गाडी आहे, मागच्या दाराचं रबर जुनं असणार, आणि कॅट नसताना धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. पेट्रोलच्या टाकीजवळच्या आणि मधल्या बोगद्यातल्या उष्णतारोधक पत्र्यांपैकी एकही काढू नका, ते खडखडत असतील तर नवे क्लॅम्प लावा.

बसवून झाल्यावर इंजिन चालू करण्याआधी व्हॅक्यूम क्लीनरच्या हवा फेकणाऱ्या बाजूने मागच्या टोकातून हवा भरा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फवारा. फुगे येतील तिथे गळती. मग गाडी गरम करा, पूर्ण थंड होऊ द्या, क्लॅम्प पुन्हा आवळा, असं तीनदा. त्यानंतर ट्रॅकवर, बूस्ट कंट्रोलर बंद ठेवून फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, आधी तिसऱ्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये दाब आणि मिश्रणाची नोंद घ्या. दाब एकदम उसळून खाली आला तर तो कंट्रोलरच्या नळ्यांचा किंवा सेटिंगचा प्रश्न, सुटणारा आहे. आरपीएमबरोबर हळूहळू चढतच गेला तर वेस्टगेट अजून लहान पडतंय, तिथेच गाडी थांबवा आणि ट्रेलरवर चढवा. ही नोंद उन्हाळ्यात घेतली असेल तर हिवाळ्यातल्या पहिल्या ट्रॅकच्या दिवशी, सकाळच्या पहिल्या फेरीआधी, पुन्हा घ्या.